सिक्कीमची सहल आखताना

सिक्कीमचे क्षेत्रफळ अवघे ७,०९६ चौरस किलोमीटर असल्यामुळे चार दिवसांत सगळे पाहून होईल, असा हिशेब अनेक जण करतात आणि तो हमखास चुकतो, कारण इथे अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तर तासांमध्ये मोजावे लागते. न्यू जलपाईगुडी स्थानक किंवा बागडोगरा विमानतळावरून तीस्ता नदीच्या काठाने गंगटोकला पोहोचायला साधारण चार ते पाच तास लागतात. पावसाळ्यात दरड कोसळली, तर किती लागतील याला धरबंध नाही. म्हणून जून ते सप्टेंबर टाळावेत. कांचनजंगा स्वच्छ दिसायला हवी असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, आणि गुरांसाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) फुले पाहायची असतील तर एप्रिल उत्तम.

त्सोमगो सरोवर, चीन सीमेवरची नाथू ला खिंड आणि उत्तर सिक्कीमसाठी परमिट लागते. ते नोंदणीकृत प्रवास संस्थेमार्फत आदल्या दिवशीच काढून घ्यावे. मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट, त्याच्या प्रती आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे जवळ असू द्यावीत. केवळ आधार कार्डावर भिस्त ठेवू नये. नाथू ला सोमवारी आणि मंगळवारी पर्यटकांसाठी बंद असते, त्यामुळे वार पाहूनच आरक्षण करावे.

खरी काळजी घ्यायची ती उंचीची. गंगटोक सुमारे १,६५० मीटरवर, उत्तर सिक्कीममधले लाचेन गाव सुमारे २,७५० मीटरवर, तर तिथून पुढचे गुरुडोंगमार सरोवर ५,१०० मीटरच्याही वर आहे. दुपारी तिथे वारा भयंकर सुटतो म्हणून लाचेनहून पहाटेच निघतात आणि काही तासांत एवढी उंची गाठली जाते. त्यामुळे गंगटोकला किमान दोन रात्री काढून मगच उत्तरेकडे निघावे, वर पोहोचल्यावर धावपळ करू नये आणि डोके दुखून मळमळू लागल्यास फोटोंचा मोह सोडून तत्काळ खाली उतरावे. लहान मुले, हृदयविकार किंवा दम्याचे रुग्ण बरोबर असतील, तर हा टप्पा सरळ वगळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये दक्षिण ल्होनाक हिमसरोवर फुटून आलेल्या पुराने चुंगथांगचे धरण आणि उत्तरेकडचे अनेक पूल वाहून गेले. तेव्हापासून तिकडचा रस्ता खुला आहे की नाही, याची खात्री करूनच पैसे भरावेत.

उत्तर वगळल्यास पश्चिम सिक्कीममधल्या पेलिंगला जावे. पेमायांग्त्से मठ आणि जुन्या राजधानीचे, रबदेंत्सेचे, अवशेष तिथून अगदी जवळ आहेत. परतीची शेवटची रात्र मात्र बागडोगरा विमानतळाजवळच्या सिलिगुडीतच काढावी. सकाळी गंगटोकहून निघून दुपारचे विमान गाठण्याचा बेत या रस्त्यावर परवडत नाही.