सशाचा मुक्काम घरातून अंगणात

घरात वाढलेला ससा बाहेर राहायला न्यायचा असेल तर मुंबईत पहिला प्रश्न पिंजऱ्याचा नसून महिन्याचा असतो. थंड देशांतली माणसे सशाला उन्हाळ्याच्या तोंडावर बाहेर काढतात, कारण हिवाळा येईपर्यंत त्याच्या अंगावर दाट केस यावेत असा त्यांचा हिशेब असतो. तेच वेळापत्रक येथे पाळले तर ससा थेट मे महिन्याच्या उकाड्यात सापडतो. त्याला घाम येत नाही, कुत्र्याप्रमाणे धापा टाकून अंग थंड करणेही त्याला नीट साधत नाही, आणि शरीरातील उष्णता बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः त्याच्या लांब कानांतील रक्तवाहिन्या करतात. साधारण १५ ते २१ अंश तापमानात तो सुखाने राहतो. पारा २८ अंशांच्या पुढे गेला की, विशेषतः आपल्या दमट हवेत, त्याला त्रास होऊ लागतो. म्हणून तुळशीचे लग्न लागून फटाके थांबले की स्थलांतरास आरंभ करावा. मार्चमध्ये समुद्रावरचा वारा उशिरा सुटला तर दुपारी पारा ३८ अंशांपलीकडे जातो, तेव्हा फेब्रुवारीअखेर हा हंगाम संपला असे समजावे.

बाहेर म्हणजे नेमके कोठे, हेही आधी ठरवावे लागते. आमचे घर बोरिवली पूर्वेला तळमजल्यावर असून मागे दहा बाय बारा फुटांचे अंगण आहे, म्हणून आमचे काम सोपे झाले. पश्चिमेकडे तोंड असलेली गॅलरी किंवा उघडी गच्ची मात्र मी कोणालाही सुचवणार नाही, कारण दिवसभर तापलेला स्लॅब सूर्य मावळल्यावरही बराच वेळ उष्णता सोडत राहतो. जागा निश्चित करण्यापूर्वी तेथे जमिनीलगत, म्हणजे ससा बसेल त्या उंचीवर, साधा थर्मामीटर ठेवून आठवडाभर दुपारी तीन वाजता पारा पाहावा. कमरेच्या उंचीवर लागणारा वारा जमिनीपाशी पोहोचतोच असे नाही.

खुराडे विकत घेण्यापेक्षा ओळखीच्या सुताराकडून करून घेणे चांगले, कारण तयार मिळणारी बहुतेक खुराडी फार लहान असतात. दोन सशांना आडोसा आणि मोकळी जागा मिळून ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच एवढा अवकाश असावा आणि तो त्यांना सतत खुला असावा. मागच्या पायांवर सरळ उभे राहिल्यावर कान छताला लागत नाहीत ना, हे पाहावे. तळाला जाळी मुळीच लावू नये. सशाच्या पंजाखाली कुत्र्यामांजरांसारखी गादी नसते, त्यामुळे तारेवर बसून त्याच्या टाचांना जखमा होतात. आम्ही शहाबादी फरशी घालून तिच्या अर्ध्या भागावर पेंढा पसरला. उकडू लागले की आमचे दोघे ससे आपण होऊन उघड्या फरशीवर पोट टेकून पसरतात. छपराला नुसता पत्रा असेल तर त्याखाली चार इंचांची पोकळी सोडून प्लायवूड बसवावे आणि पत्र्यावर गोणपाट टाकावे.

जाळीच्या बाबतीत मी स्वतः फसलो आहे. सुताराने स्वस्तातली षटकोनी छिद्रांची चिकनमेश लावली आणि मीही मान डोलावली. चौथ्या दिवशी सकाळी खालच्या कोपऱ्यात मूठभर भगदाड दिसले, तारा आतल्या बाजूस वळलेल्या होत्या आणि पेंढ्यात घुशीच्या लेंड्या पडल्या होत्या. ससे त्या रात्री घरात होते, म्हणून निभावले. चिकनमेश कोंबड्या आत ठेवण्यापुरती असते, बाहेरच्याला अडवण्याचे बळ तिच्यात नसते. जाड तारेची, अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डमेश लावावी आणि ती चारी बाजूंनी जमिनीखाली फूटभर न्यावी किंवा फरशीला पक्की जखडावी. त्यामुळे घूस आत येत नाही आणि ससा खणून बाहेर जात नाही. माथ्यावरही जाळी हवीच, कारण मुंबईच्या आकाशात घारी आणि कावळे यांची वाण नाही. दाराला साध्या कडीबरोबर खिटीही असावी. खुराडे भिंतीला कायमचे ठोकू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेवढा पुन्हा होईल किंवा होणार नाही, परंतु तळमजल्यावर राहणाऱ्याला जाळी सोडवून खुराडे दोघांनी उचलून हलवता आले पाहिजे.

जागा तयार झाली तरी ससा लगेच बाहेर नेऊ नये. त्याचे वय सहा महिन्यांहून अधिक असावे, वजन स्थिर असावे आणि सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडून त्याचे दात, कान व त्वचा तपासून घ्यावी. कुत्र्यामांजरांच्या प्रत्येक डॉक्टरला सशांचा अनुभव असतोच असे नाही, म्हणून हे आधी स्पष्ट विचारावे. गोचीड-पिसवांसाठी कुत्र्याच्या मानेवर टाकतात ते फिप्रोनिल सशाला घातक ठरते, आणि तोंडावाटे दिलेल्या अमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाने त्याच्या आतड्यांतील उपयुक्त जंतू मरून प्राणावर बेतू शकते. नर-मादी एकत्र असतील तर नसबंदी आधीच उरकावी. अंगणात खणायला माती मिळाली की मादीला बिळाची आणि पिलांची तयारी सुचते. ससा आजवर एसीच्या खोलीत झोपत असेल तर दोन आठवडे आधीपासून एसी हळूहळू कमी करत बंद करावा. या काळात आहार मात्र बदलू नये. जागा आणि खाणे एकाच वेळी बदलले की पोट बिघडते, आणि मग दोष कशाचा हे कळतही नाही.

पहिल्या आठवड्यात सकाळी सात ते साडेआठ एवढाच वेळ बाहेर काढावा आणि आपण तेथेच बसावे. घरातील त्याची पेटी आणि न धुतलेली चटई खुराड्यात ठेवावी, म्हणजे स्वतःचा वास ओळखून तो लवकर स्थिरावतो. पहिले दोन दिवस आमचा नर पेटीतून नाक तेवढे बाहेर काढत असे आणि शेजारच्या कुकरची शिट्टी झाली की मागचा पाय आपटून पुन्हा आत जात असे. त्याला ओढून बाहेर काढू नये. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन आला, कुंडीतील तुळशीची दोन पाने खाल्ली आणि आडवा झाला. दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळचा वेळ जोडावा, तिसऱ्या आठवड्यात दिवसभर ठेवावे. अंगणातील हरळी पहिल्या दिवशी चिमूटभर, मग मूठभर असे वाढवत न्यावे, परंतु मुख्य अन्न सुके गवतच राहावे. तबेल्यातून मिळणारे लसूणघास मोठ्या सशाला रोज देऊ नये, त्यात कॅल्शियम फार असते. कण्हेर, एरंड आणि मनीप्लांट त्याच्या तोंडाच्या टप्प्यातून आधीच हलवावेत.

स्थलांतर मानवले की नाही याचा खरा दाखला केरसुणीच्या सुपलीत मिळतो. रोज सकाळी लेंड्या झाडून घेताना त्या नीट पाहाव्यात. हरभऱ्याएवढ्या, गोल, सारख्या आकाराच्या आणि चुरल्यावर गवताचा भुसा दिसणाऱ्या असल्या तर सर्व ठीक आहे. त्या लहान, काळ्या आणि वेड्यावाकड्या होऊ लागल्या, किंवा केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, तर तो पुरेसे खात नाही असे समजून त्याला काही दिवस आत आणावे. ससा दहा-बारा तास काहीच खात नसेल आणि लेंड्या थांबल्या असतील तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे न्यावे, कारण आतडी थांबणे हे सशांच्या मृत्यूचे नेहमीचे कारण आहे.

हिवाळ्यातही दुपार तापतेच. अशा वेळी बाटलीत पाणी गोठवून, ती फडक्यात गुंडाळून खुराड्यात ठेवावी आणि पाण्याचे जड भांडे दोनदा भरावे. डेझर्ट कूलरवर पैसे घालवू नयेत. मुंबईच्या दमट हवेत तो केवळ ओलावा वाढवतो. कान लाल व गरम, नाकपुड्यांची भराभर हालचाल, तोंडाभोवती ओले आणि अंग सैल अशी लक्षणे दिसली तर उष्माघात समजावा. सशाला पंख्याखाली घेऊन कानांना नळाच्या साध्या पाण्याचा हात फिरवावा, बर्फ लावू नये, बादलीत बुडवू नये, आणि तसेच डॉक्टरांकडे निघावे.

माश्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. शेपटीखाली ओले किंवा घाण राहिली तर माशी तेथे अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या होऊन त्या जिवंत सशाचे मांस पोखरू लागतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ मागचा भाग उचलून पाहावा. सोसायटीत डासांसाठी धूर मारणारा आला की ससा आणि त्याची भांडी आत घ्यावीत. उंदरांसाठी विष ठेवले जाते का, याची चौकशी सोसायटीत आधीच करावी. रात्री उरलेले दाणे बाहेर ठेवू नयेत, कारण त्यांवर उंदीर येतात आणि उंदरांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो.

रात्रीबद्दल माझे मत अनेकांना पटत नाही. पक्क्या जाळीत ससा रात्रभर बाहेर राहू शकतो हे खरे, परंतु बोक्याने केवळ बाहेरून घिरट्या घातल्या तरी भीतीने त्याचे खाणे थांबते, आणि आमच्यासारखे जे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहतात त्यांच्याकडे बिबट्याही येतो. म्हणून रात्री नऊनंतर आमचे ससे मागच्या खोलीत येतात. तेथे जाणारे छोटे दार त्यांना ठाऊक आहे आणि कोथिंबिरीच्या काड्या हलवल्या की ते स्वतःच आत शिरतात. ३१ डिसेंबरच्या रात्री फटाके वाजतात, म्हणून त्या दिवशी ससे आत घेऊन हे दार संध्याकाळीच बंद करावे.

मार्च लागला की बाहेरचा वेळ पुन्हा सकाळपुरता आणावा. मृग नक्षत्राच्या आधी मुक्काम पूर्णपणे घरात हलवावा, कारण पावसाळ्यात पेंढ्याला दोन दिवसांत बुरशी धरते आणि ओल्या फरशीवर टाचा लवकर सुजतात. जुना पेंढा फेकून द्यावा, खुराडे धुऊन दोन कडक उन्हे द्यावीत, लाकडाच्या सांध्यांना तेलरंगाचा हात मारावा आणि पागोळ्या पडणार नाहीत अशा भिंतीला ते उभे करून ठेवावे. ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर बाहेर काढताना प्रथम जाळीच्या कोपऱ्यांवरून हात फिरवून गंज तपासावा.