दंडाच्या ऑपरेशननंतर काख जपा

वजन खूप उतरल्यावर दंडाची लोंबती कातडी काढतात, तेव्हा टाक्यांची रेघ बहुधा काखेपासून कोपरापर्यंत जाते. त्यातली सगळ्यात नाजूक जागा काखेची. तिथे घाम साचतो, कातडी घासते आणि हात वर नेला की टाके ताणले जातात. जखम उसवते ती बऱ्याचदा इथेच. म्हणून पहिले 2-3 आठवडे कोपर खांद्याच्या वर नेऊ नका. केस दुसऱ्याकडून विंचरून घ्या, समोर बटणं असलेले सैल कपडे घाला. पण हात अंगाशी धरून बसणंही वाईटच, खांदा आखडतो. बोटं, मनगट आणि कोपर दिवसातून चार-पाचदा हळू हलवा.

पाठीवर झोपा, हाताखाली उशा घेऊन हात छातीपेक्षा किंचित उंच ठेवा. प्रेशर गारमेंट (हातावर दाब देणारा घट्ट कपडा) साधारण 4-6 आठवडे लागतो. कोपराच्या खोबणीत त्याला वळी पडली की ती कातडीत रुतते आणि खालचा हात सुजतो; दर काही तासांनी वळी सरळ करा. बोटं निळसर किंवा बधिर झाली तर गारमेंट लगेच सैल करून डॉक्टरांना फोन करा.

बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया (वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात ती) झालेल्यांना थोडंच खाता येतं. प्रथिनं कमी पडली की जखम रेंगाळते. दिवसाला 60-80 ग्रॅम प्रथिनं जातील असं बघा: अंडी, पनीर, मासे, घट्ट दही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा.

एकाच हाताला अचानक सूज, कातडीखाली पाणी हलल्यासारखं वाटणं, ताप किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत जा.