मायोफायब्रिलर मायोपॅथीच्या तपासणीला निघताना

फाईल, चष्मा, चालू गोळ्यांची नावं, हे सांगायला नको. आधी ईसीजी घ्या. आजार स्नायूंचा, म्हणून आपण स्नायूंचेच कागद गोळा करतो आणि ईसीजी कपाटात राहतो. मागच्या खेपेला राहिलाच होता. जुने-नवे सगळे ईसीजी, टूडी इको आणि चोवीस तासांचं होल्टर, म्हणजे ठोक्यांची सलग नोंद, केलं असेल तर तेही. डेस्मिनसारखी प्रथिनं हातापायांच्या स्नायूंत साचतात तशी हृदयाच्या स्नायूतही साचतात. काहींना अशक्तपणा जाणवायच्या आधीच हृदयाचे ठोके बिघडतात, पेसमेकर बसवावा लागतो. ‘स्नायूंच्या डॉक्टरांना छातीचे कागद कशाला?’ असं म्हणणारं घरात कुणीतरी असतंच. ऐकू नका.

आता नातेवाईक. हा आजार बहुधा आई किंवा वडील यांपैकी एकाकडून येतो आणि तसा असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता 50 टक्के. तेव्हा फोन करून विचारून घ्या: चालणं कुणाचं बिघडलं, पेसमेकर कुणाला होता, धडधाकट माणूस अचानक कोण गेलं, मोतीबिंदू लवकर कुणाला झाला. ‘वयामुळे पाय गेले’ एवढ्यावर फोन ठेवू नका, कितव्या वर्षी ते विचारा. आणि त्यांचेही ईसीजी मिळाले तर मागून घ्या. हो, पुन्हा ईसीजीच.

सीके, म्हणजे रक्तातलं स्नायूंचं एन्झाइम, नॉर्मल आलं म्हणून तो कागद टाकू नका. या आजारात ते नॉर्मल किंवा थोडंसंच वाढलेलं असू शकतं.

बायोप्सी, म्हणजे स्नायूचा तुकडा काढून तपासणं, ठरली असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधी विचारा, मनाने बंद करू नका. तुकडा लगेच गोठवायची सोय आहे का, तेही आधीच विचारा. नुसत्या फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे टिकवायच्या द्रवात, टाकला तर गरजेच्या बऱ्याच तपासण्या हुकतात आणि पुन्हा चिरा घ्यावा लागतो. ईएमजीची, म्हणजे स्नायूंच्या विद्युत तपासणीची, सुई टोचलेल्या जागेचा तुकडा चालत नाही. कोणत्या बाजूला टोचली ते लिहून ठेवा. भूल देणार असतील तर भूलतज्ज्ञांना आजाराचं नाव सांगा आणि, कंटाळलात तरी, ईसीजी दाखवा.

आडवं झाल्यावर धाप लागते का, सकाळी डोकं दुखतं का, हे सांगा. श्वासाची चाचणी बसून आणि झोपून, दोन्ही. सैल कपडे, सोबतीला एक माणूस. जनुक चाचणीचा निकाल कधीकधी संदिग्ध येतो, मग आईवडिलांचंही रक्त मागतात. त्यांना आधीच सांगून ठेवा.