सब घुमला की क्रॅश आपोआप वाजायचा
गणपतीसाठी आमच्या ऑर्केस्ट्राला इलेक्ट्रॉनिक ड्रम किट घेतलं. घरी हेडफोनवर झकास. मांडवात मात्र सबवूफर (खर्जाचा मोठा स्पीकर, म्हणजेच सब) घुमला की हात न लावताच क्रॅश झांजेचा पॅड वाजायचा! गायक दर वेळी वळून माझ्याकडे बघायचा.

केबलचा दोष असेल म्हणून दोन केबली बदलल्या, पैसे फुकट. खरं कारण पायाखाली होतं. बहुतेक पॅडांत पिएझो सेन्सर, म्हणजे हादरा टिपणारा सेन्सर, असतो. काठीचा ठोका कुठला नि फळ्यांचा हादरा कुठला, हे त्याला कळत नाही. आमचं स्टेज पोकळ फळ्यांचं, सबही त्यावरच.

साउंडवाल्या दादांना विनवून सब जमिनीवर उतरवला. स्टँडखाली जाड रबरी मॅट टाकली. मग मॉड्यूलमध्ये (किटचा आवाज काढणारा डबा) त्या पॅडचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोराच्या ठोक्यापासून आवाज निघावा ती मर्यादा, एकेक अंकाने वाढवला, भूत गप्प होईपर्यंतच. आधी घाईत एकदम चढवला होता, तर हलके ठोकेच गायब! एका टॉम ड्रमच्या पॅडवर मारलं की शेजारचा वाजायचा, तो क्रॉसटॉकच्या सेटिंगने थांबला.

हे सगळं साउंड चेकला, पूर्ण आवाजात करायचं. हायहॅट (पायाने उघडमीट होणारी झांजांची जोडी) मात्र मी अजून इलेक्ट्रॉनिक नाही, खरीच लावतो, माइक देऊन.