सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स समजून घेताना या चुका टाळा

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स हा प्रसिद्ध गोल्फ कोर्स पहिल्यांदा पाहणाऱ्या अनेकांची निराशा होते. झाडं जवळजवळ नाहीतच, तळं नाही, उन्हाळ्यात गवतही पिवळं पडलेलं. एवढं नाव झालंय ते याचंच का, असं वाटून जातं. १९४६ साली इथे ओपन ही ब्रिटनमधली मोठी गोल्फ स्पर्धा जिंकणाऱ्या अमेरिकन सॅम स्नीडलाही आगगाडीच्या खिडकीतून हा एखादा ओसाड पडलेला जुना कोर्स वाटला होता. अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्स तर १९२१ मध्ये अकराव्या होलवर (कोर्सच्या अठरा टप्प्यांपैकी एकावर) वैतागून स्पर्धा सोडून गेला. त्याच जोन्सने १९२७ मध्ये इथे ओपन जिंकली आणि १९३० मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धाही. पुढे आयुष्यभर त्याचा हा सगळ्यात लाडका कोर्स राहिला.

ज्यांना हा कोर्स आवडत नाही, त्यांच्याकडून साधारण पुढच्या चुका होतात.

झाडा-पाण्यावरून किंमत करणं

येरवड्याचा किंवा चेंबूरचा गोल्फ कोर्स पाहिलेल्या डोळ्यांना झाडांमधून जाणाऱ्या फेअरवेची, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याची, सवय असते. चेंडू कुठे मारायचा हे तिथे झाडांच्या रांगाच सांगतात. ओल्ड कोर्स मात्र लिंक्स जमिनीवर आहे, म्हणजे समुद्र आणि शेतं यांच्यामधल्या वाळूच्या पट्ट्यावर. इथे पाणी पटकन जिरतं, गवत आखूड आणि चिवट असतं. जमीन कोरडी पडली की ती टणक होते आणि चेंडू पडल्यावरही बराच लांब घरंगळत जातो. त्याची वाट ठरते ती गुडघाभर उंचीच्या चढ-उतारांवर, आणि कोर्सची खरी रचना या चढ-उतारांतच आहे. गवत पिवळसर दिसत असेल तर खूश व्हा, कोर्स अगदी रंगात आहे.

बंकर दिसत नाही म्हणून तो अन्याय समजणं

इथे ११२ बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आहेत आणि त्यातले बरेचसे टीवरून, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवरून, दिसतच नाहीत. त्याचं एक कारण इतिहासात आहे. हा कोर्स पूर्वी उलट्या दिशेनेही खेळला जायचा, म्हणजे पहिल्या टीवरून सतराव्या ग्रीनकडे (ग्रीन म्हणजे होलच्या शेवटी भोक आणि ध्वज असलेली आखूड गवताची जागा). त्यामुळे आज पाठमोरे वाटणारे काही बंकर तेव्हा समोरून दिसायचे. इलाज सोपा आहे. कोणताही होल ग्रीनवरून टीकडे मागे वळून बघा. कॅडीला (खेळाडूची बॅग वाहणाऱ्या मदतनीसाला) विचारलंत तरी चालेल, पण स्वतः मागे वळून पाहिलेलं जास्त लक्षात राहतं.

रुंद म्हणजे सोपा, असं मानणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही आहे, आणि ती दुरुस्त करायला सतरावा होल पुरेसा आहे. ओपनमध्ये ४९५ यार्ड, पार ४, म्हणजे चांगल्या खेळाडूकडून चार फटके अपेक्षित. टीवरून समोर हॉटेलच्या आवारातल्या शेड दिसतात. जुन्या रेल्वे शेडच्या आकाराच्या या शेडवरून फटका मारायचा असतो आणि उजवीकडे आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे कोर्सची हद्द संपते, चेंडू तिथे गेला तर दंड. डावीकडे मात्र ऐसपैस जागा. घाबरून डावीकडे मारलं तर चेंडू सुखरूप राहतो, पण पुढच्या फटक्याला ग्रीनच्या कुशीतला खोल रोड बंकर नेमका आडवा येतो. ग्रीन लांबट, अरुंद आणि तिरकं. बंकर टाळायला जोरात मारलं तर चेंडू ग्रीन ओलांडून मागच्या रस्त्यावर जातो, आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत. उजवीकडून धोका पत्करून आलेल्याला मात्र ग्रीनचा लांब कोन मिळतो. टीवर टाळलेल्या धोक्याची किंमत दुसऱ्या फटक्याला मोजावी लागते.

१९७८ च्या ओपनमध्ये जपानचा टॉमी नाकाजिमा दोन फटक्यांत या ग्रीनवर पोहोचला होता. त्याचा पट, म्हणजे जमिनीवरून घरंगळवलेला हलका फटका, उतारावरून वळून थेट बंकरमध्ये गेला आणि होलवर ९ फटके लागले. २०२२ मध्ये शेवटच्या दिवशी ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथचा चेंडू अशा जागी थांबला की तो आणि ध्वज यांच्यामध्ये हाच बंकर. त्याने चेंडू हवेत उडवलाच नाही. पटरने (पट मारायच्या काठीने) उतारावरून बंकरला वळसा घातला, पार वाचवला आणि एका फटक्याच्या फरकाने ओपन जिंकली. त्या उताराने एकाला बुडवलं, दुसऱ्याला तारलं. असे उतार या कोर्सवर जागोजागी आहेत.

स्कोअर बघून कोर्स जुनाट ठरवणं

टायगर वूड्सने २००० मध्ये इथे पारपेक्षा १९ कमी फटक्यांत ओपन जिंकली, स्मिथने २० कमी. मग कोर्स कालबाह्य झाला, असा निष्कर्ष लगेच निघतो. पण वूड्सचा चेंडू चारही दिवसांत एकाही बंकरमध्ये गेला नाही. प्रत्येक टीवर कुठे मारायचं नाही हे आधी ठरवल्याशिवाय असं घडत नाही. शिवाय इथला अर्धा बचाव वारा करतो. वारा पडलेल्या दिवसाच्या स्कोअरवरून मत बनवू नका.

टीव्हीवर विसंबणं

कॅमेऱ्यात उतार सपाट दिसतात. अठराव्या ग्रीनसमोरची ‘व्हॅली ऑफ सिन’ ही खोलगट जागा पडद्यावर धड जाणवतही नाही. चेंडू हवेत असताना नाही, तर जमिनीला टेकल्यानंतर त्याच्याकडे लक्ष द्या. १९९५ मध्ये कोस्तांतिनो रोक्काने याच खळग्यातून मारलेला लांब पट होलमध्ये गेला आणि जॉन डेलीशी प्लेऑफ झाला, तो डेलीने जिंकला. त्या पटची चित्रफीत बघा, उतार किती आहे ते चेंडूच दाखवतो.

एकच शिल्पकार शोधणं

तो मिळणार नाही. १७६४ मध्ये काही होल एकत्र करून २२ चे १८ केले गेले. पुढे ओल्ड टॉम मॉरिससारख्या ग्रीनकीपरांनी, म्हणजे कोर्सची निगा राखणाऱ्यांनी, भर घातली. सात ग्रीन दोन-दोन होलना सामायिक आहेत आणि प्रत्येक जोडीची बेरीज १८ येते: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा, असं आठवा-दहावापर्यंत. गोल्फ कोर्स रचणाऱ्या अ‍ॅलिस्टर मॅकेन्झीने या जमिनीचा बारकाईने नकाशा केला आणि नंतर जोन्सबरोबर अमेरिकेत ऑगस्टा नॅशनल रचला. ऑगस्टाच्या रुंद फेअरवेंचं मूळ इथे आहे.

प्रत्यक्ष जाणार असाल तर रविवार गाठा. मोठी स्पर्धा नसेल तर त्या दिवशी खेळ बंद असतो आणि कोर्सवर कुणीही चालू शकतं, तिकीट लागत नाही. पहिल्या टीपासून सुरुवात न करता अठराव्या ग्रीनपासून उलट दिशेने चाला.