मटण कमी करावे, वाटप (वाटलेला मसाला) तेच ठेवावे

गोव्यातल्या बऱ्याच हिंदू घरांत सोमवार आणि श्रावण शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतातच. म्हणून मटण-कोंबडी कमी करू पाहणाऱ्याने नवा नेम धरण्यापेक्षा या ठरलेल्या दिवसांना आणखी एक वार जोडावा. तो वार रविवार नसावा. मी आरंभीच रविवार निवडला होता आणि दुसऱ्याच आठवड्यात घरच्यांनी बेत मोडून काढला.

आपण ज्याला शागुतीची, म्हणजे गोव्याच्या मसालेदार रश्श्याची, चव म्हणतो ती मुख्यतः भाजलेल्या खोबऱ्याची आणि मसाल्याची असते, हे ध्यानात आले की पुढचे सोपे होते. एक वाटी आळसांदे (चवळीचा गोव्यातला प्रकार) रात्रभर भिजवून, बटाट्याच्या फोडींसह, मऊ होतील पण फुटणार नाहीत असे शिजवावेत. दोन चमचे धणे, सहा-सात सुक्या मिरच्या, थोडी खसखस, चार मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा आणि चक्रीफुलाच्या दोन पाकळ्या मंद आचेवर भाजून बाजूला ठेवाव्यात. त्याच कढईत उभा चिरलेला कांदा तेलावर तांबूस करून त्यात अर्ध्या नारळाचे खवलेले खोबरे परतावे. कसोटी इथेच लागते. खोबरे फिकट बदामी असताना उतरवले तर रस्सा गोडसर होतो आणि काळे पडू दिले तर कडवट. म्हणून ते गडद तपकिरी होऊन चिमटीत कुरकुरीत लागले की लगेच ताटात पसरावे, कारण तापलेल्या कढईत ते आच बंद केल्यावरही भाजतच राहते. हे सारे हळदीसह गंधासारखे बारीक वाटावे आणि आळसांदे शिजलेल्या पाण्यासकट त्यात मिसळून, मीठ व चिंचेचा थोडा कोळ घालून, दहा मिनिटे उकळू द्यावे.

ज्यांना एकदम सुटत नाही त्यांनी अर्धा किलो कोंबडीऐवजी पाव किलो घेऊन उरलेली जागा कच्च्या फणसाच्या फोडींना द्यावी. फणस चिरताना हाताला व सुरीला खोबरेल लावले की चीक चिकटत नाही. बाजारातली अळमीही (अळंबीही) याच वाटपात चालतात. पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी रानची अळमी मात्र पारखणाऱ्याकडूनच घ्यावीत.

पानात काहीतरी कुरकुरीत नसले की गोवेकराचे जेवण अपुरे वाटते, म्हणून नीरफणसाचे काप करावेत. साल आणि मधला दांडा काढून अर्ध्या सेंटिमीटरचे काप पाण्यात टाकावेत, म्हणजे ते काळे पडत नाहीत. मग निथळून, मीठ, तिखट, हळद, हिंग चोळून आणि रव्यात घोळून, नुस्ते (मासळी) भाजतो तसे तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजावेत.

आळसांद्यांचे हे तोणाक, म्हणजे रस्सा, थोडे जास्तच करावे. रात्रभरात ते आटून दाट होते आणि सकाळी गरम पोईबरोबर (गोव्याच्या पावाबरोबर) आदल्या दिवसापेक्षा चांगले लागते.