जर्मनीत घरी गांजा लावायचाय? आधी कुलूप आणा

जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून घरी गांजा लावायला कायद्याने परवानगी आहे, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. परवानगी म्हटली की मंडळी दिवे, घरात रोपं वाढवायचे तंबू आणि खतांच्या मागे लागतात. ते नंतर. आधी कुलूप आणा. किल्लीचं आणा नाहीतर आकड्यांचं, पण बी घरात येण्याआधी ते आलेलं हवं. मागच्या वेळी आमच्याकडे नेमकं तेच राहिलं होतं.

वय 18 पूर्ण, हे सांगायला नको. जर्मनीत किमान सहा महिने वास्तव्य झालेलं हवं, त्यामुळे गेल्याच महिन्यात नोकरीवर रुजू झालेल्यांनी कळ काढावी. रोपं एका वेळी माणशी तीन. घरात दोघं प्रौढ असतील तर दोघांची मिळून सहा, मुलांची गणती नाही. उगवतील न उगवतील म्हणून चार बिया जास्तीच्या टाकायची आपली सवय असते, ती इथे सोडा. तीनच्या वर गेलात की प्रकरण नुसत्या दंडाचं राहत नाही, फौजदारी होतं. आणि आपल्यासारख्या निवास परवान्यावर राहणाऱ्यांना फौजदारी परवडत नाही. उद्या परवान्याचं नूतनीकरण किंवा नागरिकत्वाचा अर्ज करायचा झाला की तेच कागद पुढे येतात.

बी युरोपीय संघातल्या देशांतून टपालाने मागवता येतं. संघाबाहेरून नाही, आणि भारतातून येणाऱ्या पाहुण्याच्या बॅगेतून तर अजिबात नाही. लागवड तुम्ही राहता तिथेच: खोली, बाल्कनी, घराचं अंगण. गावाबाहेर भाड्याने घेतलेला बागेचा तुकडा चालत नाही, कारण तिथे तुम्ही राहत नाही.

आता कुलूप. रोपं, वाळवलेला माल आणि बीसुद्धा (हो, बीसुद्धा!) मुलांच्या, अल्पवयीनांच्या आणि तिसऱ्या व्यक्तीच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था कायद्याला हवी आहे. तिसरी व्यक्ती म्हणजे फक्त चोर नव्हे. रूममेट आला, तीन महिन्यांसाठी आलेले सासू-सासरे आले, घरमालकाने पाठवलेला प्लंबर आला. तंबूची चेन ओढली की झालं, असं आम्ही धरून चाललो होतो. हीटिंगचं रीडिंग घ्यायला माणूस येणार असल्याची चिठ्ठी खाली दारावर चिकटवलेली असते, ती कोण वाचतो? रेडिएटर नेमका तंबूच्या मागे. त्याने तंबू सरकवायला हात घातला आणि चेन अर्धी उघडली. त्याने आत पाहिलं, आकडा टिपला, सही घेतली आणि गेला. पुढे काही झालं नाही, पण दोन आठवडे प्रत्येक बेलला पोटात गोळा यायचा.

म्हणून चेनवर विसंबू नका. खोलीच्या दारालाच कुलूप हवं, ते जमत नसेल तर कुलूप लागणारं कपाट. बाल्कनीत लावणार असाल तर शेजारच्या बाल्कनीतून हात पोचतो का ते पाहा; पोचत असेल तर रोपं आत घ्या. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला टांगायची नाही. फ्रिजमध्ये ठेवलेलं बी हे उघड्यावरचंच बी, त्यालाही कुलपाचा डबा हवा. सामानाच्या यादीतलं बाकी काही विसरलात तरी चालेल, कुलूप विसरू नका.

शेजाऱ्यांना असह्य त्रास होता कामा नये, असंही कायद्यातच आहे. फुलोऱ्याच्या आठवड्यांत वास जिन्यापर्यंत जातो, तेव्हा वास शोषणारा कार्बन फिल्टर आधीच घेऊन ठेवा. भाडेकरार आणि घराचे नियम एकदा वाचा. कंटाळवाणं आहे, तरी वाचा.

काढणीच्या वेळी बऱ्याच जणांची गणितं चुकतात. घरात माणशी वाळलेला माल 50 ग्रॅम, त्याहून जास्त नाही, आणि नीट वाढलेलं एकच झाड तेवढा देऊ शकतं. तिन्ही एकदम फुलवलीत तर जास्तीचा माल नष्ट करावा लागतो. मित्राला फुकटही देता येत नाही. 50 ते 60 ग्रॅमपर्यंत दंड, 60 च्या वर फौजदारी. त्यामुळे झाडं लहान ठेवा किंवा एकेक करून लावा, स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा, आणि वाळलेल्या मालाची बरणी कुलपात. पुन्हा तेच.

बाकीचं थोडक्यात. बाहेर जवळ 25 ग्रॅमपर्यंत. शाळा किंवा खेळाचं मैदान नजरेच्या टप्प्यात असेल तर ओढायचं नाही, पादचारी रस्त्यांवर सकाळी 7 ते रात्री 8 नाही. गाडी चालवताना रक्तद्रवात टीएचसीची (गांजातला नशा आणणारा घटक) मर्यादा एका मिलिलिटरला 3.5 नॅनोग्रॅम, लायसन्स नवं असेल किंवा वय 21 च्या आत असेल तर मुळीच नाही. सीमेपलीकडे काही न्यायचं नाही, भारतात तर नाहीच. तिथे 1985 चा अमली पदार्थांविरोधातला एनडीपीएस कायदा आहे. सुट्टीवर जाताना पाणी घालायला शेजारणीकडे किल्ली द्यायची नाही. तीही तिसरी व्यक्तीच. ठिबकचा टायमर लावा.